पॅटनचे फोटो आणि भोपाळचा पोलीसप्रमुख

1965च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात पाकिस्तानी फौजा आत घुसल्या, तेव्हा त्यांच्यासोबत अमेरिकेने दिलेले पॅटन रणगाडे होते. आपल्या सरकारने त्या रणगाड्यांचे फोटो मिळवले आणि अमेरिकेपुढे ठेवले. हे फोटो एका जुन्या पत्राची आठवण करून देण्यासाठी होते. 24 फेब्रुवारी 1954 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना लिहून कळवलं होतं की, पाकिस्तानला आम्ही लष्करी मदत देत आहोत, पण तिचा उपयोग कुणावर आक्रमण करण्यासाठी झाला, तर ते आक्रमण हाणून पाडायला आम्ही संयुक्त राष्ट्रांत आणि संयुक्त राष्ट्रांबाहेरही ताबडतोब पावलं उचलू. तशीच मदत भारतालाही देऊ केली होती. नेहरूंनी ती नाकारली.

अकरा वर्षांनी पत्रातला प्रसंग प्रत्यक्ष समोर आला होता आणि पुरावाही हातात होता. अमेरिकेने काय केलं? दोन्ही देशांना सांगितलं की आमची शस्त्रं एकमेकांविरुद्ध वापरू नका. ज्याच्या हद्दीत रणगाडे शिरले त्यालाही तीच सूचना, आणि ज्याने ते आणले त्यालाही तीच. पुढच्या सहा महिन्यांत जगाने जे जे केलं, त्याचा नमुना या पहिल्या उत्तरातच होता.

कच्छच्या या प्रकरणाचा एक धागा थेट आमच्या भोपाळात येतो. त्या वेळी मध्य प्रदेशच्या पोलीस महानिरीक्षकाच्या खुर्चीवर खुसरो फरामुर्झ रुस्तमजी होते. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा, 1916 सालचा. 1938 मध्ये ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या पोलीस सेवेत दाखल झाले. 1952 पासून सहा वर्षं नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि 1958 मध्ये ते नव्या मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख झाले. चंबळच्या डाकूंचा तो काळ. 13 नोव्हेंबर 1959 रोजी गब्बरसिंग पोलिसांच्या गोळीने पडला, आणि दुसऱ्याच दिवशी नेहरूंचा सत्तरावा वाढदिवस होता. वाढदिवसाची भेट म्हणून रुस्तमजींनी त्यांना ही बातमी दिली, हा किस्सा मध्य प्रदेशच्या पोलीस खात्यात अजून सांगतात. पडद्यावरचा गब्बर सगळ्यांना माहीत आहे. खऱ्या गब्बरचा पाठलाग करणारे रुस्तमजी मात्र मराठी वाचकाला फारसे ठाऊक नाहीत.

रुस्तमजी डायरी लिहीत. पुढे याच प्रदेशाच्या पोलीस सेवेतले अधिकारी पी. व्ही. राजगोपाल यांनी त्या डायऱ्या संपादित केल्या, म्हणून आज पडद्यामागचं बरंच काही आपल्याला कळतं.

9 एप्रिल 1965च्या पहाटे कच्छमधल्या सरदार पोस्टवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला. समोर सैन्य नव्हतं, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे मूठभर जवान होते. त्यांनी ठाणं सोडलं नाही. दल आजही 9 एप्रिल हा शौर्य दिन म्हणून पाळतं. पण या लढाईने एक उघडी जखम दाखवली. पाकिस्तानच्या सीमेवरची राखण मुख्यतः त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांकडे होती. गुजरातची वेगळी, राजस्थानची वेगळी, पंजाबची वेगळी. समोरून परदेशी रणगाडे येणार आणि इकडे राज्याचा शिपाई रायफल घेऊन उभा, ही व्यवस्था टिकणार नव्हती. सगळ्या सीमेसाठी एकच दल उभारायचं ठरलं आणि त्यासाठी रुस्तमजींना भोपाळहून दिल्लीला बोलावलं गेलं. 1 डिसेंबर 1965 रोजी सीमा सुरक्षा दल जन्माला आलं. त्याचे पहिले प्रमुख रुस्तमजी. दलाची अकादमीही मध्य प्रदेशातच आली, ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला, 1966 मध्ये. तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेला आज त्यांचंच नाव आहे.

रुस्तमजी दल उभारण्याच्या तयारीत होते, तेव्हा दिल्लीत संरक्षणमंत्र्याच्या खोलीत यशवंतराव चव्हाण बसत होते. त्या दिवसांत चव्हाणांनीही डायरी ठेवली. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी ती पुढे प्रसिद्ध केली. 1965चं युद्ध आतून समजून घ्यायचं असेल तर या एका डायरीला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

1 सप्टेंबर. पहाटेच जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानने मोठा हल्ला चढवला होता. पॅटनच्या दोन रेजिमेंट्स आणि समोर आपल्या 20 लान्सर्सची एकच तुकडी, तीही हलक्या एएमएक्स रणगाड्यांची. अखनूरचा पूल गेला असता तर राजौरी-पूंछकडे जाणारा रस्ताच तुटला असता. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे आले. विमानं वापरायची परवानगी हवी होती. तीन वर्षांपूर्वी चीनच्या युद्धात हवाई दलाची लढाऊ विमानं जमिनीवरच बसून राहिली होती. तो निर्णय तेव्हा कुणी घ्यायला धजलं नव्हतं. शिवाय अंधार पडायला थोडाच वेळ उरला होता. मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक बोलवावी, पंतप्रधानांना विचारावं, एवढी सवड नव्हती. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला आणि शास्त्रीजींना नंतर कळवलं. तासाभरातच पठाणकोटहून व्हॅम्पायर आणि मिस्टेअर विमानं उडाली. त्या संध्याकाळी जुनाट व्हॅम्पायरपैकी चार पडली. किंमत मोठी होती, पण रणगाड्यांची धाव अडली.

ही व्हॅम्पायर इतकी जुनी का होती, याचीही एक कथा आहे. मे 1964 मध्ये चव्हाण अमेरिकेत गेले होते. पाकिस्तानला अमेरिकेने एफ-104 ही स्वनातीत विमानं दिली होती. तीच भारताला द्यावीत, अशी मागणी त्यांनी केली. उत्तर नकारार्थी आलं. ते तिथे असतानाच 27 मे रोजी नेहरू गेल्याची बातमी आली आणि चव्हाण दौरा सोडून परतले. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिग-21च्या करारावर शिक्कामोर्तब झालं. मिगचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. ओझरच्या हजारो मराठी कुटुंबांची रोजीरोटी ज्या कारखान्यावर चालली, त्याच्या पायात वॉशिंग्टनचा तो नकारही आहे. पण 1965च्या सप्टेंबरात मिग अगदीच मोजके होते. अमेरिकेचे सेबर आणि स्टारफायटर समोर, आणि आपल्याकडे छोटी नॅट विमानं. नॅटने सेबरना दिलेली झुंज वेगळ्या लेखाचा विषय आहे.

8 सप्टेंबरला अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. वरवर पाहता हे न्याय्य वाटतं. पाकिस्तानचं जवळपास सगळं सैन्यच अमेरिकी शस्त्रांवर उभं असल्यामुळे बंदीचा फटका त्यालाच जास्त बसला, हेही खरं. पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी 1959च्या कराराची आठवण करून देत अमेरिकेची मदत मागितली. ती मिळाली नाही. पण मला खटकते ती दुसरी बाजू. 1954च्या पत्रात आक्रमण हाणून पाडण्याचं वचन होतं. 1965 मध्ये आक्रमण कुणी केलं, हे म्हणायलाच वॉशिंग्टन तयार नव्हतं. आक्रमकाचं नावच घेतलं नाही, तर वचन पाळायचा प्रश्न उरत नाही.

नाव घेण्याइतकी माहिती जगाजवळ होती. काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचे प्रमुख ऑस्ट्रेलियाचे जनरल निमो होते. 5 ऑगस्टपासून साध्या वेशातले सशस्त्र लोक पाकिस्तानच्या बाजूने रेषा ओलांडून येत असल्याचे अहवाल ते पाठवत होते. सरचिटणीस ऊ थांट यांनी यावर जाहीर निवेदन काढायचा विचार केला आणि पाकिस्तानच्या हरकतीनंतर तो सोडून दिला. 3 सप्टेंबरच्या अहवालात ही गोष्ट आली, पण तोवर छांबची लढाई पेटली होती. महिनाभर आधी ते निवेदन निघालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांचं तर विचारूच नका. 6 सप्टेंबरला भारतीय फौजा लाहोरच्या दिशेने निघाल्या आणि विल्सननी तातडीने भारताला बोल लावले. छांबमधल्या हल्ल्यावर त्यांनी असा आवाज चढवला नव्हता. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की ते निवेदन चुकलं होतं, आणि आपल्याच खात्यातल्या पाकिस्तानधार्जिण्या अधिकाऱ्यांनी आपली दिशाभूल केली. भारतात ब्रिटनविषयी जो विश्वास उरला होता, तो या निवेदनाने गेला. तडजोड घडवायला पुढे सोव्हिएत संघातलं ताश्कंद निवडलं गेलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता चीन. 16 सप्टेंबरची तारीख असलेला खलिता पेकिंगमध्ये आपल्या प्रतिनिधीच्या हातात मध्यरात्रीनंतर ठेवला गेला. सिक्कीमच्या सीमेवरची 56 लष्करी बांधकामं तीन दिवसांत पाडा, पळवलेले लोक, 800 मेंढ्या आणि 59 याक परत करा, नाहीतर परिणामांना तयार राहा. पुढे मुदत 22 सप्टेंबरपर्यंत वाढवली. दिल्लीत त्यावर जनसंघाचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी, आमच्या ग्वाल्हेरचे, सुमारे 800 मेंढ्यांचा कळप घेऊन चिनी वकिलातीवर गेले. चीनने त्याचीही लेखी तक्रार केली. हा किस्सा सगळे सांगतात. त्याच दिवसांतला दुसरा किस्सा अधिक महत्त्वाचा आहे. सिक्कीमच्या खिंडींवरच्या तुकड्यांना मागच्या मुख्य फळीवर यायचे आदेश होते. जेलेप ला सोडली गेली आणि चिन्यांनी ती घेतली. नाथू ला मेजर जनरल सगत सिंग यांच्या ताब्यात होती. त्यांनी ती सोडायला नकार दिला. दोन वर्षांनी, 1967 मध्ये, याच नाथू लावर चिन्यांना जबर उत्तर मिळालं, ते खिंड आपल्या हाती राहिली होती म्हणून.

या धमकीमागे काय चाललं होतं, ते अयूब खान यांचे माहिती सचिव अल्ताफ गौहर यांनी नंतर लिहिलं. 19 सप्टेंबरच्या रात्री अयूब आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री भुट्टो गुपचूप पेकिंगला गेले. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय आणि मार्शल चेन यी यांनी त्यांना भरघोस पाठिंबा दिला, पण एका अटीवर. युद्ध लांबवा. लाहोरसारखी शहरं गेली तरी चालेल, डोंगरात जाऊन लोकयुद्ध लढा. अयूब आणि त्यांचे सरदार-जमीनदार घराण्यांतले सेनापती अशा युद्धाला कसे तयार होणार? पाठिंब्याची किंमत आपलंच घर पेटवण्याची आहे, हे कळल्यावर अयूब परत आले आणि त्यांनी युद्धबंदी मान्य केली. दुसरीकडे वॉर्सात अमेरिका आणि चीन यांच्या राजदूतांच्या बैठकी होत असत. तिथून अमेरिकेने चीनला या भांडणात पडू नका असं बजावलं होतं. हे श्रेय अमेरिकेला द्यायलाच हवं.

इंडोनेशियाचा प्रसंग तर ऐकून अंगावर काटा येतो. पाकिस्तानचे हवाई दलाचे माजी प्रमुख असगर खान मदत मागत चीन, इंडोनेशिया, तुर्कस्तान, इराण असे फिरले. जकार्तामध्ये अध्यक्ष सुकार्नोंनी त्यांना हवं ते द्यायची तयारी दाखवली. तिथल्या नौदलप्रमुखांनी विचारलं की तुमच्यासाठी अंदमान-निकोबार घेऊ का? असगर खान यांनीच हे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. सुकार्नोंच्या पाणबुड्या आणि क्षेपणास्त्र नौका कराचीला पोचल्या, तोवर युद्धबंदी होऊन गेली होती. त्याच जकार्तामध्ये 9 सप्टेंबरला जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला केला होता. ज्या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठी नेहरूंनी 1949 मध्ये दिल्लीत आशियाई परिषद भरवली, बिजू पटनाईकांनी जीव धोक्यात घालून विमान नेलं, त्या देशाने हे करावं, याचं दुःख त्या पिढीला शेवटपर्यंत राहिलं.

याच्या उलट मलेशियाचं उदाहरण आहे. मलेशिया तेव्हा सुरक्षा परिषदेत होता. त्याच्या प्रतिनिधीने भारताची बाजू उघड मांडली. चिडून पाकिस्तानने ऑक्टोबरमध्ये मलेशियाशी राजनैतिक संबंध तोडले. छोट्या, नव्या देशाने किंमत मोजून सरळ भूमिका घेतली. आपण ते फार लवकर विसरलो.

बंदीनंतर काय झालं, हा या सगळ्यातला सर्वांत बोधप्रद भाग आहे. अमेरिकेची बंदी कागदावर कायम होती. 1966 मध्ये पश्चिम जर्मनीने आपली 90 सेबर लढाऊ विमानं इराणला विकली. व्यवहार मेरेक्स नावाच्या खासगी कंपनीमार्फत झाला. विमानं इराणमार्गे पाकिस्तानात पोचली. देखभालीसाठी पाठवली आहेत, असं सांगितलं गेलं. ती तिथेच राहिली आणि 1971च्या युद्धात पाकिस्तानच्या बाजूने लढली. 1967 मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे हा मामला निघाला, पण विमानं परत आली नाहीत. शस्त्र विकणारा एक, कागदावर घेणारा दुसरा आणि वापरणारा तिसरा. या वाटेने आजही शस्त्रं जातात.

1971 मध्ये रुस्तमजी पुन्हा घटनांच्या मध्यभागी होते. 30 मार्चच्या रात्री कलकत्त्याच्या विमानतळावर ते उतरले, तेव्हा ढाक्याहून दडत, चालत आलेले अवामी लीगचे नेते ताजुद्दीन अहमद आणि अमीरुल इस्लाम त्यांची वाट पाहत होते. दोघांजवळ अंगावरच्या मळक्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. रुस्तमजींनी आपल्या सामानातले पायजमे-कुडते काढून त्यांना दिले. रुस्तमजी सहा फुटांहून उंच, त्यामुळे ते कपडे त्या दोघांना चांगलेच ढगळ झाले. तीन आठवड्यांच्या आत, 17 एप्रिलला, ताजुद्दीन यांनी वैद्यनाथतळा इथे, म्हणजे आजच्या मुजीबनगरमध्ये, बांगलादेशाचे पंतप्रधान म्हणून जगाच्या पत्रकारांसमोर सूत्रं घेतली. त्या पत्रकारांना कलकत्त्याहून सीमेपार नेण्याची गुप्त तयारी रुस्तमजींच्या दलाने केली होती.

इथे कुणी विचारेल की बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीला भारताने शस्त्रं दिलीच ना, मग तुमची तक्रार कशाला? उत्तर सरळ आहे. कोणाच्या हातात शस्त्र दिलं आणि ते कोणावर रोखलं गेलं, हे पाहावंच लागतं. स्वतःच्याच मतदारांवर गोळ्या झाडणारं सैन्य आणि त्यातून जीव वाचवून आलेले सुमारे एक कोटी निर्वासित यांना एकाच तराजूत घालता येत नाही. अमेरिकेच्या ढाक्यातल्या वाणिज्य दूतावासातल्या आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6 एप्रिल 1971 रोजी आपल्याच सरकारला हेच कळवलं होतं. ब्लड यांना तिथून हलवण्यात आलं. जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की बंदी असूनही लष्करी सामान घेऊन 'पद्मा' आणि 'सुंदरबन' ही जहाजं पाकिस्तानकडे निघाली आहेत. तेव्हा जुलैमध्ये बाल्टिमोर बंदरात क्वेकर पंथाची साधी माणसं छोट्या होड्या घेऊन 'पद्मा'च्या वाटेत उभी राहिली. त्यांना अटक झाली. पुढच्या महिन्यात फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजावर माल चढवायला नकार दिला. सरकारांनी जे केलं नाही, ते या होडीवाल्यांनी आणि हमालांनी केलं. त्याच वर्षी डिसेंबरात निक्सन आणि किसिंजर यांनी स्वतःच्या कायदातज्ज्ञांचा सल्ला डावलून जॉर्डनची एफ-104 विमानं पाकिस्तानला मिळतील अशी व्यवस्था केली, हे नंतर त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं.

आज युक्रेनवर रशिया इराणी रचनेचे ड्रोन सोडतो, 2024च्या शरद ऋतूत उत्तर कोरियाचे सैनिक कुर्स्कच्या आघाडीवर उतरले. मे 2025 मध्ये पाकिस्तानकडून आपल्यावर आलेल्यांत तुर्की ड्रोन होते आणि चिनी क्षेपणास्त्रं. तेव्हा पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं उचलणं बंद केलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाल्टिमोरच्या होड्यांच्या जातीचीच ही कृती, आणि मला तिचा अभिमान वाटतो. पण 2 मार्च 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरच्या आक्रमणाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, तेव्हा मी अस्वस्थ झालो. आपली तेलाची, शस्त्रांच्या सुट्या भागांची, जुन्या मैत्रीची कारणं मला कळतात. सोव्हिएत रशियाने 1971 मध्ये सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला, हेही मी विसरलेलो नाही. तरीही 1965 मध्ये 'दोघांनाही समज द्या' या भूमिकेने आपलं काय झालं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

जप्त केलेले पॅटन आजही अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात उभे आहेत. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना खेमकरणच्या लढाईतल्या शौर्याबरोबर आयसेनहॉवर यांच्या पत्राचीही गोष्ट सांगा. आणि जिथे कुठे परकी शस्त्रं आक्रमकाच्या हाती जात असतील, तिथे भारताने शस्त्र देणाऱ्याचं नाव घेऊन बोलावं, ही मागणी आपल्या खासदाराकडे जरूर करा.